जुना टीव्ही, जपानी खेळ आणि आपलं सभागृह

(सोसायटीच्या रौप्य महोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर. संपादक मंडळाच्या आग्रहावरून लिहून दिला आहे. वेळेअभावी बोलायच्या राहिलेल्या एकदोन गोष्टी त्यात घातल्या आहेत.)



सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. बोअरला पाणी कसं लागलं, कंपाउंडची भिंत दोनदा का बांधावी लागली, पहिली डीपी कशी मिळाली, हे सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मला समितीनं विषय दिला, "निवृत्तीनंतरचा छंद". आता निवृत्त बँक अधिकाऱ्याचा छंद म्हटलं की लोकांना वाटतं जुनी नाणी असतील, तिकिटं असतील, नाहीतर बाग. माझा छंद बऱ्याच जणांना माहीत आहे आणि त्यावर मागून हसणंही चालतं. परवाच बाजारात एकानं तोंडावर विचारलं, "काय जी साहेब, या वयात पोट्ट्यायचे खेळ खेळता म्हणे?" मी म्हटलं, "खेळतो कमी, सांभाळतो जास्त."

तर मी जुने जपानी व्हिडिओ गेम जमवतो. म्हणजे टीव्हीला जोडायच्या त्या पेट्या, त्यांच्या कॅसेटी, हातात धरायचे रिमोट, बंदुका, अडॅप्टर, वायरी, रिकामे खोके आणि माहितीपुस्तिकासुद्धा. बँकेची सवय जात नाही, म्हणून स्टॉक रजिस्टर ठेवलं आहे. आजच्या तारखेला मशीन चौदा, त्यातली चालू अकरा. कॅसेटी एकशे त्रेसष्ट. बंदुका तीन, चालू दोन. वस्तू कुठून आली, काय दिलं, कोणत्या तारखेला उघडून पुसली, याचे रकाने आहेत. आमच्या सौ.चं म्हणणं असं की घरच्या किराण्याचा हिशेब कधी इतका चोख नव्हता.

ज्येष्ठ मंडळींसाठी थोडं मागचं सांगतो. निन्टेन्डो हे नाव तुमच्या नातवंडांकडून ऐकलं असेल. ही कंपनी व्हिडिओ गेमची नाही, मुळात पत्त्यांची. १८८९ साली जपानच्या क्योटो शहरात फुसाजिरो यामाउची नावाच्या माणसानं ती काढली. हानाफुदा म्हणजे फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते, ते हातानं बनवून विकायचे. त्या पत्त्यांवर जुगार चालायचा हेही खरं. पुढं पत्त्यांवरून खेळणी, खेळण्यांवरून इलेक्ट्रॉनिक खेळ असा तिचा प्रवास झाला.

या प्रवासातला माझा आवडता माणूस म्हणजे गुन्पेई योकोई. १९६५ साली तो त्या कंपनीत लागला तो पत्ते बनवणाऱ्या यंत्रांच्या देखभालीसाठी. आपल्याकडं जिनिंगमध्ये फिटर असतो ना, तसं समजा. रिकाम्या वेळात त्यानं लांब होणारा एक चिमटा केला, लांबची वस्तू पकडायला. मालकाच्या नजरेस तो पडला. आपल्याकडं अशा वेळी मेमो मिळतो. तिथं मालकानं त्याचं खेळणं करून बाजारात आणलं आणि ते धडाधड खपलं. हाच योकोई एकदा बुलेट ट्रेननं चालला होता. समोरचा एक नोकरदार माणूस कंटाळून खिशातल्या कॅलक्युलेटरची बटणं उगीच दाबत बसला होता. योकोईच्या मनात आलं, याच पडद्यावर याला खेळायला काही दिलं तर? त्यातून १९८० साली गेम अँड वॉच आलं. कॅलक्युलेटरचाच स्वस्त पडदा, घड्याळाचे बटण सेल, आणि एक खेळ.

मला यात गंमत वाटते ती अशी की त्याच सुमारास आमच्या शाखेत पहिला कॅलक्युलेटर आला होता आणि तो हेड कॅशियर कुलपात ठेवायचे. आम्ही त्याच्यावर व्याज काढत होतो आणि तिकडं एकानं त्यातून खेळ काढला! योकोई म्हणायचा की नवीन महागडं तंत्र कशाला पाहिजे, जुनं, स्वस्त झालेलं, सगळ्यांना कळलेलं तंत्र घ्यावं आणि त्याचा वेगळा उपयोग शोधावा. आपल्या गावातले रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे हेच करत आले, फक्त त्यांच्यावर पुस्तकं निघाली नाहीत. रिमोटवरचं अधिक चिन्हासारखं जे बटण असतं, वर-खाली-डावीकडं-उजवीकडं, ते योकोईचंच, १९८२ सालचं. आजही गेमचा रिमोट उचला, बहुतेकांत डाव्या अंगठ्याखाली ते सापडतं.

मग १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम आलं. फॅमिली कॉम्प्युटरचं ते लघुरूप. पांढरी आणि मरून रंगाची पेटी, किंमत १४,८०० येन. ती मासायुकी उएमुरा या अभियंत्यानं बनवली. अमेरिकेत तीच वेगळ्या रूपात एनईएस नावानं गेली. दोन्ही मिळून सहा कोटींहून जास्त खपली. जपानमध्ये ती २००३ पर्यंत बनत होती आणि २००७ पर्यंत कंपनी ती दुरुस्त करून देत होती. आज आपला मोबाईल तीन वर्षांनी दुकानदार हातात घेत नाही, त्या हिशेबानं पाहा. उएमुरा २००४ मध्ये कंपनीतून निवृत्त झाला आणि क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात शिकवायला लागला. तिथं हे जुने खेळ जतन करायचं रीतसर काम चालतं. २०२१ मध्ये तो वारला. निवृत्तीनंतरच्या छंदाला विद्यापीठाची खोली मिळाली, एवढाच त्याच्यात आणि माझ्यात फरक. (हे मी हसत म्हणालो होतो, कृपया तसंच वाचावं.)

फॅमिकॉमवरचा मारिओचा खेळ, १९८५ चा, तुमच्यापैकी चाळिशीच्या सगळ्यांनी खेळला आहे. तो अख्खा खेळ, त्यातली बत्तीस टप्प्यांची दुनिया, गाणं, सगळं मिळून ४० किलोबाइटमध्ये बसतं. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी जो फुलांचा गुड मॉर्निंगचा फोटो येतो, तो एकटा याच्यापेक्षा मोठा असतो. जागा पुरावी म्हणून त्यांनी काय काय केलं! त्या खेळातला आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, नुसता रंग बदललेला. एकदा कळलं की परत परत दिसतं. आमच्याकडं एका बाजूनं वापरलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला कच्चे हिशेब लिहायची पद्धत होती, त्याची आठवण होते.

आता हे आपल्याकडं कसं आलं. इथंच माझ्या छंदाचं मूळ आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

त्या काळी बाहेरच्या इलेक्ट्रॉनिक वस्तू देशात सरळ आणता येत नव्हत्या. म्हणून निन्टेन्डोची पेटी आपल्याकडं सुटे भाग आणून, परवान्याखाली इथंच जोडून 'सामुराई' या नावानं विकली गेली. अस्सल माल तोच. पण तो मोठ्या शहरांत आणि मोठ्या घरांत गेला. सेगा ही दुसरी जपानी कंपनी. तिनं १९९४ साली आपल्याकडं हात मिळवला तो शॉ वॉलेसशी. होय, तीच, जिचं नाव आपण दुसऱ्याच बाटल्यांवर वाचलं आहे! आयात कर ऐंशी टक्के होता, तो टाळायचा म्हणून हा मार्ग. तरी सेगाच्या मशीनची किंमत १८,००० रुपये. मी तेव्हा अधिकारी होतो आणि ही रक्कम म्हणजे माझ्या हातात पडणारा दोन महिन्यांचा पगार. कोण घेणार?

मग वऱ्हाडातल्या पोरांनी खेळलं काय? नक्कल. तैवान-चीनकडं फॅमिकॉमच्या हुबेहूब नकला बनत. आपल्याकडं त्या 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशा नावांनी आल्या. १९९३ मध्ये मी अकोल्याला होतो. बँकेत कॉम्प्युटर येऊ द्यायचा की नाही यावर युनियनची बोलणी चालू होती, आणि इकडं दिवाळीला धाकट्या मुलानं हट्ट केला म्हणून मी बाजारातून अशी एक पेटी आणली. युनियनच्या सभेत कॉम्प्युटरच्या विरोधात घोषणा देऊन घरी यायचं आणि घरात तोच आठ बिटी मेंदू टीव्हीखाली बसलेला! सोबत एक कॅसेट, तिच्यावर छापलेलं, '९९९९ इन १'. मुलगा हरखला. मी रविवारी वही घेऊन बसलो आणि तिची तपासणी केली. यादीतले पहिले दोनशे खेळ एकेक करून लावले. खरे वेगळे खेळ निघाले सात. बाकी सगळे तेच, कुठं दुसऱ्या टप्प्यापासून सुरू, कुठं नाव बदललेलं. ताळेबंदात मालमत्ता अशी फुगवलेली मी नंतरही बरीच पाहिली, पण नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव ते सात ही घसरण विक्रमीच.

पण त्या सातांत मारिओ होता, रणगाड्यांचा खेळ होता, बदकं मारायचा खेळ होता. पुढं कुणाकडून तरी 'कॉन्ट्रा' मागून आणला. गल्लीतली आठ-दहा पोट्टी आमच्या पुढच्या खोलीत. कॉन्ट्रामध्ये तीन जीव मिळतात. पण सुरुवातीला वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी ए, अशी बटणं दाबली की तीस मिळतात. पाढे न येणाऱ्या पोरांना हे तोंडपाठ होतं. ही किल्ली मुळात काझुहिसा हाशिमोतो नावाच्या जपानी माणसानं १९८६ मध्ये दुसऱ्याच खेळात घातली होती. त्याला स्वतः केलेला खेळ तपासताना फार अवघड जायला लागला, म्हणून स्वतःची सोय! जपानमधल्या एका कंपनीतल्या माणसाची ती खासगी सोय अकोल्याच्या गल्लीत कशी पोचली, इंटरनेट नसताना, हे मला आजही कोडं आहे. अमक्याच्या मामेभावानं मुंबईहून आणली, एवढंच पोरं सांगत.

मुलगा मोठा झाला, शिकायला गेला, नोकरीला गेला. ती पेटी माळ्यावर गेली. माझी बदली धारणीला झाली तेव्हा लोक हळहळले होते, मेळघाट म्हणजे शिक्षा असं समजून. मला गाव आवडलं, प्लॉट घेतला, तुम्हा सगळ्यांबरोबर इथला सभासद झालो. निवृत्तीनंतर एका दिवाळीच्या साफसफाईत ती पेटी खाली आली. भंगारवाला दारात उभा होता, वजन करायला. मी अडॅप्टर लावून पाहिला. लाल दिवा लागला. तेव्हापासून हे चालू आहे.

जपानमधला माल मिळतो तो भाच्यामुळं. तो टोकियोत निशी-कासाई भागात राहतो. तिथं आपल्याकडच्या आयटीवाल्यांची मोठी वस्ती आहे. तुम्ही वाचलं असेल, २०१९ मध्ये आपले मराठी योगेंद्र पुराणिक त्याच एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले. भाचा म्हणतो, तिथं जुन्या वस्तूंच्या दुकानात 'जंक' लिहिलेले टोपले असतात. चालतं का बिघडलं, दुकानदार काहीच हमी देत नाही, जे आहे ते उचला. अकिहाबारा नावाच्या बाजारात अशा खेळांची मजल्यामजल्यांची दुकानं आहेत, पण तिथं भाव पर्यटकांचा. माझी सूचना एकच, टोपल्यातलं आण. दोन वर्षांतून एकदा तो येतो, बॅगेत कपड्यांच्या घड्यांत कॅसेटी गुंडाळून आणतो.

पण ते सरळ लावून चालत नाही, आणि हे कुणाला घ्यायचं असेल तर लक्षात ठेवा. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची. त्यांचा अडॅप्टर आपल्या २३० च्या प्लगमध्ये घातला की धूर. आपल्याकडं तर व्होल्टेज कधी १७० आणि कधी २६०, म्हणून मी स्टॅबिलायझरच्या पलीकडं काही जोडतच नाही. दुसरं, जुन्या फॅमिकॉमला अडॅप्टरच्या पिनेत मध्ये ऋण आणि बाहेर धन लागतं, आपल्याकडच्या बऱ्याच अडॅप्टरांच्या उलट. तिसरं, जपानी टीव्हीची पद्धत वेगळी. आपल्या जुन्या टीव्हीवर ते चित्र एकतर येतच नाही, नाहीतर कृष्णधवल येतं. १९९३ मध्ये निघालेल्या नव्या फॅमिकॉमला लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीची सोय आहे, ते आणि दोन्ही पद्धती समजणारा टीव्ही असला तर प्रश्न मिटतो. हा टीव्हीचा मुद्दा ध्यानात ठेवा, त्याच्याकडं मी येणारच आहे.

नकली मालाचं विचाराल तर ते काम मला जड जात नाही. तीस वर्षं नोटा मोजल्या. खोटी नोट कशी कळते? एका खुणेवरून नाही, सगळं मिळून कळते. बोटाला कागद वेगळा लागतो, मग डोळा शोधतो. कॅसेटीचं तेच. वजन, प्लास्टिकच्या कडा, लेबल कापलेलं की छापून चिकटवलेलं, मागं अक्षरं साच्यातूनच उठलेली आहेत की नाहीत. उघडली तर आत पट्टीवर चिपच्या जागी बहुतेक नकलांत काळा डांबरासारखा ठिपका असतो. आता एवढ्यावरच निकाल देऊ नये, कारण काही अस्सल कॅसेटींतही तसा ठिपका सापडतो. एका विक्रेत्यानं मला 'सीलबंद अस्सल' म्हणून पाठवलेली कॅसेट मी सील न फोडताच परत केली. लेबलावर जपानी अक्षर उलटं छापलेलं होतं.

मात्र एक सांगतो. जपानी आणि अमेरिकन संग्राहक आपल्याकडच्या नकलांना कचरा समजतात. मला हे मान्य नाही. कायद्यानं त्या चोरीच्याच होत्या, त्यात वाद नाही. पण वऱ्हाडातल्या पोरांचं लहानपण अस्सलवर गेलं नाही, नकलांवर गेलं. क्योटोच्या कपाटात अस्सल फॅमिकॉम सुरक्षित आहे. अकोल्याच्या बाजारात विकली गेलेली लिटल मास्टर कोण ठेवणार? आपल्या तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून देशभर गाजलं, चांगली गोष्ट झाली. पण धारणीत पहिला व्हिडिओ गेम तासावर भाड्यानं देणारं दुकान कुणाचं, त्यात कोणती मशीन होती, हे विचारलं तर चार जण चार उत्तरं देतात आणि मशीन कुणाकडंच नाही. म्हणून माझ्या रजिस्टरात नकलांचं पान वेगळं नाही, अस्सलच्या शेजारीच आहे.

अमेरिकेतल्या एका संस्थेनं २०२३ मध्ये पाहणी केली. तिथं निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात नव्यानं विकत मिळत नव्हते. जिथं सगळं मिळतं त्या देशाची ही स्थिती.

देखभालीचं थोडक्यात. पावसाळा हा या वस्तूंचा वैरी, आणि मेळघाटचा पावसाळा तुम्हाला ठाऊकच आहे. इथं गव्हाच्या कोठीला बुरशी येते तर कॅसेटीचं काय. मी सगळं स्टीलच्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. बूट, औषधं यांच्या खोक्यांत या पुड्या येतात, सोसायटीतल्या बऱ्याच घरांतून मला आणून देतात, त्यांचे आभार. पांढरी पेटी पिवळी पडते ती मळानं नाही. आग लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये ब्रोमिनचं द्रव्य घातलेलं असतं, उन्हानं आणि काळानं ते रंग बदलतं. घासून जात नाही. केस रंगवायला लागणारं हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की उजळतं, पण मी ते करत नाही. पिवळी तर पिवळी. आम्हीही पांढरे झालो.

आणि बालगोपाळांनो, कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची नाही! तुमच्या बाबांनी हेच केलं असेल, विचारा. फुंकरीतला ओलावा आत जातो आणि धातूच्या पट्ट्यांना गंज धरतो. फुंकल्यावर चालायची ती परत बसवल्यामुळं, फुंकरीमुळं नाही. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचं. मेडिकलमध्ये मिळतं.

आता टीव्ही.

आपल्या सभागृहात कोपऱ्यात जो एकोणतीस इंची डब्बा टीव्ही आहे, तो सोसायटीच्या पहिल्या काही वर्षांत वर्गणी काढून घेतला. क्रिकेटचे सामने आपण त्याच्यावर पाहिले. मागच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो 'निकामी वस्तूंची विल्हेवाट' या सदराखाली आला आहे. भंगारवाल्यानं साडेतीनशे रुपये सांगितले आहेत. समितीचा हेतू चांगला आहे, जागा मोकळी होईल. पण मी या व्यासपीठावरून विनंती करतो की तो देऊ नका. तो निकामी नाही, चालू आहे, मी स्वतः पाहिला. दोन्ही पद्धतीचं चित्र घेतो आणि लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीची जागा पुढंच आहे.

तुम्ही म्हणाल, भिंतीवर नवा सपाट टीव्ही आहे की, त्याच्यावर खेळा. नाही होत. बदकं मारायच्या खेळाचं सांगतो, म्हणजे कळेल. लोकांना वाटतं बंदुकीतून काहीतरी निघून पडद्याला लागतं. उलट आहे. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा आहे. तुम्ही घोडा ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. इतका थोडा वेळ की आपल्याला नुसती लुकलुक वाटते. बंदुकीला काळ्यानंतर पांढरा दिसला तर नेम लागला. यात सगळा खेळ वेळेचा आहे. पिक्चर ट्यूबचा टीव्ही चित्र आलं की त्याच क्षणी ओळीओळीनं उजेडानं रंगवतो. सपाट टीव्ही चित्र आधी स्वतःकडं घेतो, मोठं करतो, साफ करतो आणि मग दाखवतो. एवढ्यात बंदुकीची वेळ टळून गेलेली असते. तुम्ही पडद्याला नळी टेकवून गोळी मारली तरी बदक उडतंच. कुत्रा गवतातून डोकं काढून हसतो, तो हसायचा थांबत नाही.

घरगुती पिक्चर ट्यूबचे टीव्ही आता नवे बनत नाहीत. धारणीत एवढा मोठा चालू टीव्ही दुसरा मला सापडला नाही; बऱ्हाणपूर, खंडव्याला विचारून ठेवलं आहे. आणखी एक. त्या काचेत शिसं असतं. भंगारवाल्याला हवा असतो मागच्या गुंडाळीतला तांब्याचा तार. तो काच फोडून देतो टाकून, कुठल्या नाल्यात, आणि आपले नाले शेवटी तापीकडंच जातात. तेव्हा द्यायचाच झाला तरी साडेतीनशे रुपयांसाठी असा देऊ नये, रीतसर ई-कचरा घेणाऱ्यांकडं द्यावा.

यावर दोन आक्षेप माझ्या कानावर आले, ते रास्त आहेत म्हणून उत्तर देतो.

एका वहिनींचं म्हणणं, "पोरं आधीच मोबाईलमध्ये डोकं खुपसून असतात, त्यात आणखी खेळ कायले?" वहिनी, मोबाईलवर एक पोरगं एका कोपऱ्यात असतं. रणगाड्यांच्या खेळात दोघं शेजारी बसतात, एकच किल्ला दोघांनी वाचवायचा असतो आणि एकाची गोळी दुसऱ्याला लागली तर तो जागीच गोठतो. भांडण तिथंच होतं, मिटतंही तिथंच. बाकीची सहा पोरं मागं उभी राहून सल्ले देतात. एक मेला की रिमोट पुढच्याला. आणि वीज गेली की सगळे बाहेर, कारण या जुन्या खेळांपैकी बहुतेकांत पुढचं जपून ठेवायची सोयच नाही, पुन्हा पहिल्यापासून!

दुसरा आक्षेप पैशांचा. गेम म्हणजे जुगार, अशी धास्ती पालकांना बसली आहे, आणि ती उगीच नाही. आपल्याच गावात एका पोरानं बापाच्या मोबाईलवरून खेळता खेळता खातं रिकामं केलं. ते पासबुक घेऊन त्याचे वडील माझ्याकडं आले होते. शेतीच्या बियाण्याचे पैसे होते. मी नोंदी वाचून दाखवत गेलो, एकोणपन्नास, नव्व्याण्णव, एकोणपन्नास, पान भरून. माणूस काही बोलला नाही, चहाही घेतला नाही. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये झाला, पण पैसे मागणारे खेळ काही तेवढेच नाहीत. या कॅसेटीला तुमचा नंबर माहीत नाही, खातं माहीत नाही. एकदा विकली गेली की ती तुमच्याकडं पुन्हा एक पैसा मागू शकत नाही. पत्त्यांच्या जुगारावर उभ्या राहिलेल्या कंपनीनं असा खेळ केला, याचं मला तरी कौतुक वाटतं.

माझा प्रस्ताव असा. टीव्ही सभागृहात राहू द्यावा. त्याच्याशेजारी एक कुलपाचं स्टीलचं कपाट मी माझ्या खर्चानं देतो. माझ्याकडची पाच मशीन, दोन बंदुका आणि चाळीस कॅसेटी आत्ताच त्यात ठेवतो, यादीसह, सोसायटीच्या नावानं. रविवारी चार ते सहा मुलांसाठी उघडायचं. दहावी-बारावीवाल्यांना परीक्षा होईपर्यंत प्रवेश नाही, हे त्यांच्या आयांनी ठरवलं आहे, माझा त्यात हात नाही. उरलेला संग्रह माझ्यानंतर. माझा मुलगा पुण्यात दोन खोल्यांच्या घरात आहे, त्याच्याकडं चौदा मशीन ठेवायला जागा नाही, हे त्यानं मला सरळ सांगितलं आणि बरं केलं. म्हणून मला या दोन-तीन वर्षांत असं कुणीतरी हवं आहे की ज्याला मी कॅसेट उघडायला, पुसायला, रजिस्टर लिहायला शिकवीन. वयाची अट नाही. ब विंगमधली एक सातवीतली मुलगी दोन महिन्यांपासून येते आहे. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे आणि परवा एका रिमोटची तुटलेली वायर तिनं मला न विचारता डाग देऊन जोडली. डाग थोडा जाड बसला, पण बटण चालतं.

आणि शेवटी, दिवाळीची साफसफाई जवळ आली आहे. माळ्यावर पाहा. मुलांच्या जुन्या पुस्तकांच्या पोत्यात, फ्रिजच्या खोक्यात, कुठंही. वायर तुटलेली असो, लेबल गेलेलं असो, नुसता अडॅप्टर असो, मला चालेल. कुणाकडं 'सामुराई' लिहिलेली पेटी निघाली तर मात्र ती फडक्यानंसुद्धा पुसू नका, आधी मला आवाज द्या. माझ्या दाराची बेल बिघडलेली आहे, खालूनच हाक मारा, मी ऐकतो.